बारा सेकंद

नोकरीला लागलो तेव्हा बोलायला तीन मिनिटं मिळायची.
तीन मिनिटांत माणूस
खडेबाजारातून गणपत गल्लीपर्यंत जाऊन येतो,
वाटेत एकाशी भांडतो, एकाला चहा पाजतो.
मी तेच करायचो, खुर्चीत बसून.
मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडात वळवायचो,
मधे कुठं गेट लागायचं नाही.
परशराम कंग्राळकर कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं.
ठाऊक होता तो फिरकी.
पानवाला फिरकीकडून पैसे घ्यायचा नाही,
परशराम मग जास्तीची सुपारी मागायचा.

रात्री साडेदहाला वडगावातनं फोन.
मागं चार मागांची खडखड,
तिच्यावर चढलेला आवाज:
इंद्रव्वा बोलतेय, फिरकीला द्या.
फिरकीच बोलतोय म्हटलं तरी, द्या गा फिरकीला.
तिनंच एकदा झापलं,
‘ऊट आयता’ असं घाईत इचारू नको,
जेवलेल्यालाच इचारल्यासारखं वाटतंय.
धागा तुटला की ती गप्प व्हायची
मी गाणं लावायचो.
जोडला की
परत फोन.

मग तीनाची दोन मिनिटं झाली.
मग पंचेचाळीस सेकंद.
बंगळुरूहून एक पोरगा आला, चांगला होता बिचारा,
पडद्यावर उतरती रेघ दाखवून म्हणाला,
बघा सर, तुम्ही तोंड उघडलं की ऐकणारा पळतो.
मला विचारायचं होतं, कुठं पळतो?
चार मागांच्या मधनं पळायला वाट असते का?
विचारलं नाही. त्या महिन्यात पगाराचंही बोलायचं होतं.

बावीस हजारांचे अठरा झाले,
अठराचे करारावर चौदा,
आणि टेबलावरचा फोन कुणीतरी काढून नेला.
तिथं एक चौकोन राहिला, धूळ न बसलेला.
त्यावर मी बरेच दिवस चहा ठेवला नाही.

आता लिंकला नऊ रुपये.
बारा सेकंद, घरून, कपाटात तोंड घालून,
हिवाळी रजई पाठीवर, म्हणजे कुकरची शिट्टी येत नाही.
एकच फाईल सहा गावांना जाते.
म्हणून गावाचं नाव घ्यायचं नाही.
हवेबद्दल बोलायचं नाही, सहा ठिकाणी सहा हवा.
‘माझ्या लाडक्या शहरा’ चालतं.
लाडकं कुठलं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

एका शुक्रवारी इथं बंद होता.
पाट्यांना काळं, बसच्या काचा रस्त्यावर,
कुठल्या भाषेत ओरडावं यावर ओरडाआरडा,
आणि दुकानाच्या अर्ध्या शटरमागं
मी म्हणत होतो,
काय मस्त संध्याकाळ आहे, बाहेर पडा की!
मंगळवारी बोललो होतो ते.
बायकोनं रेडिओ बंद केला,
माझ्याकडं बघितलं नाही,
हे तिनं फार चांगलं केलं.

जाहिरातीच्या रिक्षांचं काम तेवढं बरं आहे.
साड्यांचा सेल, गाद्यांचा सेल, साडेतीनशे रुपये रोख,
शिवाय गावाचं नाव घेता येतं.
शहापूर म्हणता येतं. होसूर, येळ्ळूर म्हणता येतं,
दुकानासमोर नारळाचं झाड आहे असंही सांगता येतं.

परवा दुसऱ्या गेटला अडकलो. मिरजेची गाडी यायची होती.
माझ्या पुढं रिक्षा, रिक्षावर भोंगा, भोंग्यात मी.
एकदा मराठीत, एकदा कन्नडात,
मग पुन्हा मराठीत. बंद होईना.
रिक्षावाल्यानं कानात बोटं घातली होती.
शेजारच्या स्कूटरवाल्याला म्हणावंसं वाटलं,
हा मीच.
पण हेल्मेट काढायचा कंटाळा आला.

कन्नड भागात सुरुवातीला
मी एक वाक्य स्वतःहून घातलेलं आहे,
दुकानदारानं पैसे दिलेत त्यात ते येत नाही.
ऊट आयता?
सावकाश. तोंडातला घास संपवून विचारावं तसं.

गर्दीत कुणीतरी, डबा सायकलला अडकवलेलं,
भोंग्याकडं न बघताच म्हणालं,
इन्नू इल्ला.

मी मान वळवेपर्यंत गेट उघडलं.
हॉर्न, धूर, सगळे एकदम.
रिक्षा अनगोळकडं गेली, मला घेऊन.
मी पेट्रोल बघितलं
आणि टिळकवाडीत वळलो.